वाजता कामा नये

अर्वो साल्मेला खोका घेऊन आला
तेव्हा मी पोस्टाची खिडकी नुकतीच उघडली होती.
बाहेर उणे एकवीस. सरोवर किनाऱ्यापासून पांढरं.
खोका त्यानं काउंटरवर ठेवला नाही,
कोटाच्या आत, छातीशीच धरून राहिला.

म्हटलं, हलवून दाखव.
हलवला.
आत काहीतरी किणकिणलं, अगदी बारीक.
म्हटलं, घरी घेऊन जा. वाजता कामा नये.
वाजलं की वाटेतल्या प्रत्येक हाताला कळतं
आत काय आहे ते.

त्याला हसू आलं.
त्याचा बाप दर नाताळच्या आदल्या रात्री
हेच नाणं चुलीच्या लोखंडी कडेवर वाजवायचा.
ऐका, म्हणायचा पोरांना,
खोटं असतं तर असं गायलं असतं का?

दुसऱ्या दिवशी आला.
नाणं मऊ पाकिटात, पाकीट दोन पुठ्ठ्यांत,
पुठ्ठे खोक्यात, खोका खोक्यात,
आणि उरलेल्या पोकळीत
गेलेल्या बायकोच्या लोकरी मोज्यांचा जोड.
वरून मात्र सगळीकडे चकचकीत प्लास्टिकची टेप.
तीही मी काढायला लावली.
प्लास्टिकवरची शाई अंगठ्यानं पुसली जाते.
इथे तपकिरी कागदाची पट्टी लागते,
ओल्या स्पंजानं चिकटवलेली,
आणि प्रत्येक सांध्यावर गोल शिक्का,
अर्धा पट्टीवर, अर्धा खोक्यावर.
कुणी उघडलंच, तर ते वर्तुळ पुन्हा जुळत नाही.

आणि पत्त्याखाली हे काय, 'दुर्मिळ नाणी तपासणी'?
चोराला आमंत्रण पाठवतोयस का?
नुसती आद्याक्षरं लिही.

तिसऱ्या दिवशी फॉर्म.
किंमत किती लिहू, त्यानं विचारलं.
मी म्हटलं, असेल ती.
तेच तर विचारायला पाठवतोय, तो म्हणाला.

नाण्याच्या पाठीवर, पानांच्या चक्राखाली
तिळाएवढं एक अक्षर.
ते टांकसाळीतलंच असेल तर भाच्याच्या घराला नवं छप्पर.
नंतर कुणी डकवलं असेल
तर चांदीच्या भावाची चांदी, आणि बाप,
बाप मग कोण?
बंदरावरच्या खानावळीत त्यानं ते कमावलं की जिंकलं
यावर घरात आधीच दोन मतं.

पेन बराच वेळ हवेत.
झाकल्या मुठीची किंमत
कुठल्या रकान्यात लिहायची?
मागे दोन माणसं उभी होती, बूट आपटत.
त्यानं नऊ हजार लिहिले.
का नऊ, मी विचारलं नाही.

मग मी वाटा सांगितल्या.
एक वाट विमानाची: उद्या दुपारी पोच,
दारात ठेवून फोटो काढतात आणि निघून जातात.
खाजगी गाड्या आहेत, पण नाण्यांचं नुकसान
ते भरून देत नाहीत, बारीक अक्षरं वाच.
आणि एक ही:
कुलूपबंद पिंजरा, हातातून हातात,
देणाऱ्याची सही, घेणाऱ्याची सही,
कॅलिफोर्नियापर्यंत एकही हात बिनसहीचा नाही.
पण हळू. घाई असेल तर ही नको.

हळू म्हणजे किती हळू?
तीन आठवडे. या थंडीत चार.
शिवाय त्यांच्याकडची रांग, दोन-तीन महिने सहज.

बोटं मोजली त्यानं.
हेल्वीला मे महिन्यात नव्वद होतील, म्हणाला.
ती आश्रमातल्या प्रत्येक नर्सला सांगते
आमचा बाप काय माणूस होता ते.
भाच्याला आकडा हवाय. देईन ना.
मे नंतर.

आणि तीन दिवसांत पहिल्यांदा
खोका काउंटरवर ठेवला.

मी शिक्के मारले, चौदा.
पहिली सही माझी.
पावती त्यानं चष्म्याच्या डबीत घडी करून ठेवली
आणि गेला, मागे न बघता.

ट्रक साडेचारला येतो.
चारला, पिंजऱ्याला कुलूप लावण्याआधी,
नियमात बसत नाही, पण
मी खोका एकदा कानाशी धरून हलवला.

मोजे घट्ट बसले होते.